वंशावळ शोधतोय, तीन वर्षांत नुसता पसारा झालाय, नीट आखणी कशी करायची?

परळचा_चाकरमानी
नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात, पण तीन पिढ्या परळ-लालबागातच गेल्या, सगळे गिरणीत. तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि त्यांची पत्र्याची पेटी उघडली, त्यात आजोबांचा गिरणीचा लाल पास, दोन पगारपावत्या, एका फेरफाराची (जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदीची) चुरगळलेली नक्कल आणि पाठकोऱ्या कागदावर कुणीतरी पेन्सिलीनं अर्धवट काढलेलं झाड असं सापडलं. तिथनं मला हे वेड लागलं.

आता अवस्था अशी आहे की एक्सेलच्या अकरा फायली आहेत (फायनल, फायनल२, खरीफायनल वगैरे), मोबाईलमधे चारेकशे फोटो, कुठला कागद कुठनं आला आठवत नाही, आणि भावकीचा जो व्हॉट्सॅप ग्रुप काढला त्यावर आता फक्त गुड मॉर्निंग येतं. त्यात आमच्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे सगळं घराणं म्हणजे गोविंद सखाराम, सखाराम गोविंद, परत गोविंद सखाराम. डोकं फिरतं.

सध्या अडलंय ते इथं. आत्या (वय ८४) ठामपणे सांगते की तिचे आजोबा गोविंद, म्हणजे माझे पणजोबा, मानमोडीच्या (१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या) साथीत गेले. आणि पेटीतला फेरफार १९३१ चा आहे आणि त्यात गोविंद सखाराम आहे. आता आत्या चुकते की कागद? मला खरं तर शिवकाळापर्यंत मागं जायचंय पण १९३१ लाच गाडी रुतलीय. गणपतीत पाच दिवस गावी आहे, तेवढ्यात काय काय करून घेऊ ते सांगा प्लीज.

दप्तरातला_उंदीर
शिवकाळ सोडा हो आधी :) मी पण असाच निघालो होतो. बारा वर्षं झाली या नादाला, आता कुठे माझ्या लक्षात आलंय की झाड काढायचं नसतं, एका वेळी एक प्रश्न सोडवायचा असतो, झाड आपोआप होतं. तुमच्याकडे प्रश्न आयता आहे, "पणजोबा गोविंद कधी वारले आणि १९३१ चा गोविंद तोच का दुसरा". बस. एवढा एक प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, खिशात ठेवा आणि गावात कुणी कितीही रंगवून दुसऱ्या गोष्टी सांगितल्या तरी पहिलं याचं उत्तर काढा.

माझा घोटाळा सांगतो म्हणजे पटेल. माझ्या झाडात एक विष्णू होता, तो दोनदा मेला होता. खरंच. एका नोंदीत श्रावणात आणि दुसरीत चार वर्षांनी फाल्गुनात, आणि बायका तीन. मी म्हटलं असेल, लिहिणाऱ्याची चूक. दोन वर्षं मी त्या एका विष्णूच्या मागे दोन वेगळ्या तालुक्यांत फिरलो, मग एका चुलत आजीनं सहज विचारलं, "कुठला विष्णू रे, दमेकरी का तोतरा?" चुलत भाऊ होते दोघं, एकाच आजोबाचं नाव दोघांना ठेवलेलं. ज्यांना हे दोघं एक वाटले त्यांनी (म्हणजे मी) त्यांची पोरंसुद्धा एकत्र करून टाकली होती. सगळं उपसून परत लिहिलं.

तेव्हापासून माझा नियम असा की नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं धरायचं नाही. नाव, बापाचं नाव, घर किंवा वाडी आणि बायको किंवा भाऊ, यातलं तीन तरी जुळलं पाहिजे. नाहीतर दोन वेगळी माणसं म्हणूनच लिहायची, नंतर एक करणं सोपं असतं, एक केलेली वेगळी करणं म्हणजे चहातून साखर काढणं.

आणि वही घाला. एक्सेल नाही, वही. तारीख, कुठे गेलो, काय मागितलं, काय मिळालं. आणि काय नाही मिळालं ते तर जास्त ठळक लिहा. मी एकाच कचेरीत एकच रजिस्टर तीन वेळा बघून आलोय, दर वेळी काही नाही मिळालं, पण ते कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं.

फेरफारवाला
मी महसूल खात्यातून रिटायर झालोय, त्यामुळे कागदाचं बोलतो.

पहिली गोष्ट, १९३१ च्या फेरफारात नाव आहे म्हणजे माणूस जिवंत होता असं अजिबात नाही. वारसनोंद कुणी घातली नाही तर मेलेला माणूस उताऱ्यावर वीस वीस, चाळीस चाळीस वर्षं नांदतो. आजही बघा तुमच्या गावात, निम्मे सातबारे स्वर्गवासी लोकांच्या नावावर आहेत. तसंच फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे, ती नोंद घातल्याची तारीख. मजकुरात "अमुक हा सुमारे इतक्या वर्षांपूर्वी मयत" असं लिहिलेलं असतं ते वाचायचं. तेव्हा तुमचा तो कागद नीट वाचा, गोविंदाचं नाव कुठल्या नात्यानं आलंय? खातेदार म्हणून नुसतं आलंय का "समक्ष हजर, जबाब दिला, अंगठा केला" असं आहे?

दुसरं, हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा, त्यामुळे फेरफारांची मालिका साधारण त्यानंतरची मिळते. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतात, त्यातला सगळ्यात जुना धरायचा, तो काढायचा, त्यात त्याच्या आधीचा कागद कळतो, असं एकेक पायरी मागे. आजकाल बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन करून 'आपले अभिलेख'वर टाकलेत, आधी घरी बसून तिथे बघा, नाही मिळालं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. कोकणातला माणूस असाल तर अजून दोन गोष्टी. तुमची माणसं खोताची (गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची) कुळं असली तर कूळकायद्यानं, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर, कलम ३२ ग खाली जमीन नावावर झाल्याचा फेरफार असणार आणि त्यात कूळ कोण, कुणाचा वारस ते येतं. आणि खोती गावाचं बोटखत मिळालं तर सोनं, १८८० च्या खोती कायद्याच्या काळातला कागद आहे तो, खोत कोण आणि कुळं कोण ते त्यात असतं.

मृत्यूसाठी मात्र जमिनीचे कागद नाहीत. त्याला गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूची नोंद.

आणि एक फुकटचा सल्ला. गणपतीत सरकारी कचेरीच्या भरवशावर जाऊ नका. त्या दिवसांत माणसं भेटतात, कागद भेटत नाहीत. कागदासाठी वेगळी फेरी मारा, दिवाळीनंतर साध्या मंगळवार-बुधवारी.

परळचा_चाकरमानी
साहेब धन्यवाद, आत्ता भिंग घेऊन बसलो होतो. "गोविंद सखाराम समक्ष हजर, वाचून दाखविले, कबूल" असं आहे आणि डाव्या अंगठ्याची खूण. म्हणजे १९३१ ला माणूस चालत चावडीवर गेलाय. तर आत्या चुकली?

माहेरवाशीण
आत्या चुकली असं इतक्या लवकर म्हणू नका हो! माझा अनुभव असा आहे की म्हाताऱ्या बायका साल चुकतात पण माणूस आणि प्रसंग चुकत नाहीत. मानमोडी म्हणजे १९१८, त्यात दुसरं काही बसतच नाही. आजोबा साथीत गेले, घरात एका आठवड्यात तीन मढी, असलं काही तिनं तिच्या बापाकडून ऐकलेलं असणार, ते कशाला खोटं असेल.

बोलायला बसाल तेव्हा "कुठल्या साली" असं विचारूच नका. प्रसंग विचारा. तुमच्या आत्याला विचारा की गोदीतला स्फोट झाला (१४ एप्रिल १९४४) तेव्हा तू कुणाच्या कडेवर होतीस, रामदास बोट बुडाली (१७ जुलै १९४७) तेव्हा घरातलं कोण कुठे होतं, कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा कोण हयात होतं. एकेक प्रसंगाला घरात कोण होतं ते कळलं की मृत्यूची साल आपोआप दोन प्रसंगांच्या मध्ये सापडते. मी माझ्या आईच्या मावशीकडून असं सगळं काढलं, बाई निरक्षर, पण पानशेतच्या पुराच्या दिवशी चुलीवर काय शिजत होतं ते सांगत होती.

अजून एक. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सासऱ्या-दिराचंही घेत नाहीत. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमधे दीड तास "हे", "ह्यांचे थोरले", "आमच्यातले धाकटे" एवढंच आहे, नंतर ऐकताना मला कोण कोण ते कळेना. मग युक्ती केली, म्हटलं मावशी लग्नातला उखाणा म्हणून दाखव ना. एका दमात नवऱ्याचं नाव आलं, सासऱ्याचंसुद्धा आलं, वर लाजली पण :D

आणि कृपा करून झाडात बायकांची माहेरची नावं, माहेरचं गाव आणि आडनाव लिहा. लग्नात नाव बदलायचे, म्हणून मोहिनी आणि लक्ष्मी एकच बाई असू शकते आणि पहिली वारल्यावर दुसरीचं नाव पण लक्ष्मीच ठेवलेलं असू शकतं. छापील कुलवृत्तांत उघडा, पुरुषांच्या रांगा आणि बायका नुसत्या "भा. अमुक", म्हणजे भार्या अमुक. दोन गोविंदांना वेगळं करायचं असेल तर त्यांच्या बायका कुठल्या गावच्या ते शोधा, तिथेच उलगडेल बघा.

कृष्णाकाठ
आमच्याकडे (शिरोळ साइड) हेळवी येतात, सुगी झाली की, पिढ्यानपिढ्यांच्या वह्या घेऊन घरोघर वंशावळ वाचतात आणि नवीन पोरांची नावं लिहून घेतात. आमची नऊ पिढ्या त्यांनीच सांगितली. तुमच्याकडे येतात का?

परळचा_चाकरमानी
नाही ओ, आमच्या बाजूला कधी ऐकलं नाही. आमच्याकडे गुरव आणि गावकार, बाकी काय नाही.

दप्तरातला_उंदीर
हेळव्यांची वही चांगली पण तीही पुरावा म्हणून एकटी घेऊ नये, मधल्या पिढ्या गळतात. तीर्थाच्या ठिकाणच्या उपाध्यांचंही तसंच. नाशिक, त्र्यंबकला आडनाव आणि मूळ गाव यावर वही लावलेली असते, तिथे जाऊन "परळ" सांगितलं तर काही निघणार नाही, राजापूर तालुक्यातलं गावच सांगायचं. आणि तिथे जो येऊन गेला त्यानं स्वतः सांगितलेली नावं असतात, त्यामुळे बापआजाचं बहुतेक बरोबर आणि त्याच्या वरचं ऐकीव.

चाकरमानी, तुमच्याकडे एक सोर्स आहे जो कुणी सांगितला नाही. गावच्या मंडळाची खोली! मुंबईत प्रत्येक कोकणी गावाची होती, गिरणगावात. गावचे सडे पुरुष एकेका खोलीत पन्नास पन्नास राहायचे, वर्गणीच्या वह्या असायच्या, वाडीवार नावं. बघा कुणाच्या माळ्यावर आहेत का. त्या वह्या कुठल्याच सरकारी दप्तरात नाहीत आणि दर पावसाळ्यात एक तरी भिजून कचऱ्यात जाते.

एक्सेलप्रेमी
थोडं टेक्निकल बोलतो. प्रत्येक माणसाला नंबर द्या आणि फोटोच्या फाईलला पण. मी पिढी-शाखा-क्रम असा नंबर देतो, म्हणजे ३-२-१ म्हणजे तिसऱ्या पिढीतला दुसऱ्या शाखेचा पहिला. झाड बघायची गरजच नाही, नंबरवरून नातं कळतं.

दप्तरातला_उंदीर
आणि ज्या दिवशी मधे एक पिढी नवीन सापडेल त्या दिवशी सगळे नंबर बदलत बसा! मी हे भोगलंय. साधा सरळ १, २, ३ नंबर, सापडेल त्या क्रमानं, आणि एकदा दिला की कधी बदलायचा नाही. नातं नंबरात भरायचं नाही, नातं बाप-आईच्या रकान्यात. ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते हेच करतं.

एक्सेलप्रेमी
मान्य, मी अजून त्या दुर्दैवी दिवसापर्यंत पोचलो नाहीये :)

फेरफारवाला
कागदालाही तसाच नंबर द्या आणि मूळ कागदाच्या मागे पेन्सिलीनं, पेननं नाही. झेरॉक्सवर कुठल्या कचेरीतून, कुठल्या तारखेला मिळाला ते लिहा.

आणि हो, गावी गेल्यावर भावकीला आधीच सांगा की तुम्ही वंशावळ करताय, हिस्सा मागायला आला नाहीत. माझ्या नोकरीत बघितलंय, मुंबईचा माणूस जुना फेरफार मागायला आला की तासाभरात गावात बोंब होते. मग कुणी काही सांगत नाही. चहाला बोलवतात, आणि विषय पावसाचा.

मोडीवाली
थोडं जातीच्या नोंदींबद्दल, राजकारण नको कुणी काढू इथे. २०२३ मधे न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला राज्यभर जुनी रजिस्टरं उघडली गेली, कोतवाल बुकं, शाळेची जनरल रजिस्टरं, मोडीतले (जुन्या मराठी लिपीतले) कागद सगळे, आणि बऱ्याच जिल्ह्यांनी ती स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली. ज्यांना जातीच्या दाखल्याशी काही घेणंदेणं नाही त्यांनीही बघा, वंशावळीच्या माणसाला ही दिवाळीच आहे.

पण कोतवाल बुकात अपेक्षा बेतानं ठेवा. जन्माच्या नोंदीत कित्येकदा पोराचं नावच नसतं, कारण बारसं व्हायच्या आत नोंद. "अमक्यास मुलगा" एवढंच. तिथे बाप महत्त्वाचा. आणि मोडी स्वतः थोडी शिका, पुराभिलेख खातं वर्ग घेतं. सगळं वाचता नाही आलं तरी चालेल पण आपल्या घरातली पाचसहा नावं आणि गावाचं नाव कसं दिसतं ते डोळ्यात बसवा. मोडीत आधी ओळ मारून घेतलेली असते आणि अक्षरं तिला लोंबकळत सलग जातात, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घ एकच. "गोविंद" मी आधी शंभर वेळा पाटीवर गिरवला, मग पान उघडल्यावर तो गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा तसा दिसायला लागला.

पणजीमकर
गोव्यातनं वर कोकणात गेलेली घराणी असतील तर कुलदैवताकडून उलटं या. मंगेशी आज प्रियोळात आहे पण मूळ कुशस्थळीचा, १५६० च्या दशकात हलवला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. कुळाचा देव म्हार्दोळचा म्हणून पूर्वज म्हार्दोळचे असं धरलं तर फसाल. एवढंच, बाकी तुमच्या गोविंदाबद्दल मला काही सांगता येत नाही.

परळचा_चाकरमानी
आलो मंडळी, उशीर झाला, गावावरून येऊन आठ दिवस झाले पण लिहायला जमलं नाही.

निघायच्या आधी आत्याकडे गेलो, रेकॉर्डिंग लावलं, साल विचारलंच नाही. ती म्हणाली तिच्या वडलांना (माझे आजोबा) बाप आठवत नव्हता, ते "खालच्या घरात" वाढले, तिथल्या चुलत्यानं मुंबईला गिरणीत चिकटवलं. मी तीन वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं कारण मी फक्त नावं विचारत होतो. चुलत्याचं नाव काय म्हटलं तर, "ते नाय ठावं, आमी खालचे बाबा म्हनायचो."

मग मंडळाची खोली. खोली कधीच विकली गेली पण जुने सेक्रेटरी काळाचौकीला राहतात, त्यांच्या बेडखाली बॅगेत तीन वह्या. वाळवीनं अर्धं खाल्लंय. पण एका पानावर, साल १९३४, आमच्या वाडीखाली पाठोपाठ दोन ओळी आहेत. "सखाराम गोविंद, वरचं घर, ४ आणे." "गोविंद सखाराम, खालचं घर, ८ आणे." मी तिथेच खाली फरशीवर बसलो. १९३४ ला वर्गणी भरणारा गोविंद हा खालच्या घरचा, माझ्या पणजोबांचं नाव लागलेला पण माणूस वेगळा. अंगठा त्याचा. आत्या बरोबर होती.

गावात गावकार म्हणाले शिमग्याला पालखी आधी खालच्या घरी जाते मग वरच्या, कारण ते थोरलं. मी फेरफारवाले साहेबांचं ऐकून पहिल्या दिवशीच आरतीला सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मला जमीन नको, तरी एक चुलतभाऊ शेवटपर्यंत माझ्या मोबाईलकडे बघत होता.

आता पुढचा घोळ. दोन्ही गोविंदांच्या बापाचं नाव सखाराम. म्हणजे दोन सखाराम वेगळे का एकाच सखारामाची दोन घरं, दोन बायका? एकाच बापाच्या दोन पोरांची नावं गोविंद तर नसणार ना? आणि चुलता म्हटलं यावरून काही ठरत नाही, सावत्र भाऊ असता तरी आजोबांनी त्याला चुलताच म्हटलं असतं. वहीत दोन्ही सखारामांना वेगवेगळे नंबर दिलेत, १७ आणि १८.

माहेरवाशीण
बघा, आत्या!! आणि आता दोन्ही गोविंदांच्या बायकांचं माहेर काढा.

दप्तरातला_उंदीर
१७ आणि १८ वेगळेच राहू द्या, बरं केलंत. त्या तीन वह्यांचं प्रत्येक पान दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेवा, या रविवारीच. सेक्रेटरींना पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती बॅग बेडखालून काढायला लावा.

परळचा_चाकरमानी
रविवारी जातोच आहे, बायको पण येतेय फोटो काढायला. १९१८ च्या कोतवाल बुकाच्या नकलेचा अर्ज टाकलाय, पंधरा दिवसांनी या म्हणालेत. वरच्या घरची पणजी लांज्याकडची असं आत्या म्हणते, गाव आठवत नाही, पण तिच्या माहेरी फणसाखाली विहीर होती म्हणे. लांज्याकडचं कुणी आहे का इथे?